सीनेच्या कांठीं समुद्राचा पाठ

आमच्या शाळेंत येणाऱ्या मुलामुलींपैकीं फारच थोड्यांनीं समुद्र पाहिलेला असतो. २०२४ सालीं अहमदनगरचें अहिल्यानगर असें नामकरण झालें; परंतु नांव बदललें तरी भूगोल बदलत नाहीं. शहर दख्खनच्या पठारावर आहे तें आहेच, आणि येथून अरबी समुद्र गांठावयाचा तर सह्याद्रि ओलांडावाच लागतो. आमच्या मुलांचा खरा परिचय आहे तो सीना नदीच्या कोरड्या पात्राशीं, पाण्याच्या टँकरशीं, आणि उन्हाळ्यांत दिवसाआड येणाऱ्या नळाशीं. अशा ठिकाणीं इयत्ता आठवीच्या वर्गाला वर्षभर समुद्राचा पाठ द्यावयाचा, आणि तोहि विज्ञान व चित्रकला या दोन विषयांची सांगड घालून, असा बेत आम्ही व आमच्या शाळेंतील चित्रकलेचे शिक्षक यांनीं त्याच वर्षींच्या जून महिन्यांत केला.

बेत ऐकून कित्येक पालकांनीं आम्हांस सरळ प्रश्न केला कीं, ज्या गांवाला प्यावयास पाणी नाहीं, त्या गांवच्या पोरांना समुद्र शिकवून उपयोग काय? हा प्रश्न कुचेष्टेचा नव्हता. उन्हाळ्यांत रात्रीं दोन वाजतां उठून टँकरच्या रांगेंत भांडीं लावणाऱ्या माणसाला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. शिक्षकानें अशा प्रश्नाला सुभाषितानें उत्तर देऊं नये. वर्गांत काय घडलें तें सांगावें. म्हणून या अंकाच्या निमित्तानें त्या वर्षाची हकीकत विद्यार्थी व पालक यांच्यापुढें ठेवीत आहों.

आरंभ आम्ही एका लिटरनें केला. मोजपात्रांत एक लिटर पाणी घेऊन तें वर्गापुढें ठेवलें आणि सांगितलें कीं, पृथ्वीवरील सर्व पाणी एवढेंच आहे असें समजा. यांतलें खारें किती? मुलांनीं निम्में, पाऊण, असे अंदाज केले. मग एका विद्यार्थ्यानें आमच्या सांगण्याप्रमाणें ९७५ मिलिलिटर पाणी बादलींत ओतलें. तें सगळें खारें. मोजपात्रांत २५ मिलिलिटर, म्हणजे औषधाचे पांच लहान चमचे, इतकेंच गोडें पाणी उरलें. त्यांतले सुमारें १७ मिलिलिटर ध्रुवप्रदेशांतील व पर्वतांवरील बर्फाचे म्हणून बाजूस काढले. साडेसात मिलिलिटर जमिनीच्या पोटांतले. राहिलें तें इतकें थोडें कीं चमच्यानें मोजतां येईना. त्याचाहि बराच भाग गोठलेल्या जमिनींत, मातीच्या ओलाव्यांत व हवेंत असतो. तो वगळून जगांतील सर्व नद्या व गोड्या पाण्याचीं सरोवरें यांच्या वांट्याला जें आलें, तें एका मुलीनें ड्रॉपरनें कांचेच्या पट्टीवर ठेवलें. तो एक थेंब होता. गंगा, गोदावरी, कृष्णा, आणि आमची सीनाहि, त्या एका थेंबांत! वर्गांत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं मागच्या बांकावरून एकानें विचारलें, "सर, मग बादलींतलें एवढें पाणी आपल्या काय कामाचें?"

दुसऱ्या दिवशीं बादलीचें काम सुरू झालें. एका लिटर पाण्यांत ३५ ग्रॅम मीठ विरघळविलें, कारण समुद्राच्या पाण्याचा खारेपणा साधारणपणें इतकाच असतो. प्रत्येकानें बोट बुडवून चव घेतली व तोंड वांकडें केलें. तें पाणी रुंद परातींत ओतून मध्यें एक रिकामी वाटी ठेवली, वरून पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून बांधला, आणि वाटीच्या बरोबर वर एक खडा ठेवून परात अंगणांत नेली. त्या आठवड्यांत पावसानें दडी मारली होती. उन्हाची वाण नव्हती. मधल्या सुटीपर्यंत कागदाच्या आंतल्या बाजूस दंव धरलें, आणि शाळा सुटेपर्यंत वाटींत दोन चमचे पाणी जमलें. चाखून पाहिलें तों तें गोडें! मीठ सगळें परातींतच राहिलें होतें.

मग फळ्यावर परातीच्या जागीं अरबी समुद्र काढला. नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे त्या समुद्राची वाफ घेऊन निघतात, सह्याद्रीला थडकतात, वर चढतात, थंड होतात, आणि महाबळेश्वरावर वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस ओततात. तेच वारे घाट उतरतांना उबदार व कोरडे होतात. आमच्या वांट्याला सहाशें मिलिमीटरांच्या आसपासच पाऊस येतो. 'पर्जन्यच्छाया' हा शब्द मुलांनीं भूगोलांत पाठ केलेला होता. त्या दिवशीं तो कळला. पावसाळ्याच्या अखेरीस बंगालच्या उपसागराकडूनहि कांहीं पाऊस आमच्याकडे येतो. तात्पर्य, आम्ही समुद्राकडे जात नसलों तरी समुद्र दरवर्षीं मीठ मागें ठेवून आमच्या घरीं येतो. मागच्या बांकावरील विद्यार्थ्याला आणि आमच्या पालकांना आमचें पहिलें उत्तर हें होतें.

आलेल्या पाहुण्याला आम्ही बसावयास जागा देतों काय, हा पुढचा प्रश्न. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होतें. हें गणित इतकें सोपें आहे कीं पांचवींतील मूलहि तें करील. पण करावयास सांगितलें पाहिजे. मुलांनीं टेप घेऊन शाळेच्या जुन्या इमारतीचें छप्पर मोजलें. लांबी वीस मीटर, रुंदी दहा मीटर. पंचवीस मिलिमीटरांची एक चांगली सर आली कीं त्या छपरावर पांच हजार लिटर पाणी पडतें. वर्षाचा सहाशें मिलिमीटर पाऊस धरला तर एक लाख वीस हजार लिटर. म्हणजे दहा हजार लिटरांचे बारा टँकर. त्यांतलें कांहीं उडून जाईल, पहिल्या सरींचें धूळ धुण्यांत जाईल, हें वजा करूनहि जें उरतें तें थोडें नाहीं. आणि हें सर्व पाणी आजवर गटारांत जात होतें.

इकडे चित्रकलेच्या तासाला निराळाच प्रसंग घडला. 'नदी' हा विषय दिला असतां बहुतेक सर्वांनीं दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, एक झोंपडी, एक नारळाचें झाड व निळीशार नदी काढली. आमच्या भागांत नारळ किती आणि निळ्या नद्या किती, हें वाचकांना सांगावयास नको. एका खेड्यांतून रोज एस. टी. नें येणाऱ्या मुलीनें मात्र नदीचा पट्टा तपकिरी ठेवला होता, त्यांत दगड काढले होते, आणि कांठावर प्लॅस्टिकच्या पिंपांची एक लांब रांग काढली होती. शेजारची मुलगी म्हणाली, "तुझी नदी रंगवायची राहिली कीं!" ती शांतपणें म्हणाली, "राहिली नाहीं. आमची नदी अशीच आहे."

आमच्या सहकाऱ्यांनीं तें चित्र फळ्याच्या मधोमध लावलें, आणि त्या दिवसापासून वर्गांत एक नियम झाला: आधीं पाहावयाचें, मग काढावयाचें. विज्ञानाचा नियम तरी याहून वेगळा कोठें आहे? निरीक्षणाच्या वहींत जें नाहीं तें प्रयोगाच्या निष्कर्षांत येऊं नये, असें आम्ही शिकवितों. चित्रकारहि तेंच शिकवितो. एवढेंच कीं, तो रंगांनीं शिकवितो.

या नियमाप्रमाणें एका शनिवारीं आम्ही सर्व वह्या-पेन्सिली घेऊन सीनेच्या पात्रांत गेलों. मुलांनीं जें पाहिलें तें लिहिलें व काढलें: वेड्या बाभळी, जलपर्णी, एक खंड्या पक्षी, काळें पाणी, आणि दुधाच्या पिशव्या, शांपूच्या व गुटख्याच्या रिकाम्या पुड्या, तुटक्या चपला. प्रत्येकानें एक पान व एक प्लॅस्टिकची वस्तु धुऊन-पुसून शाळेंत आणावी असें ठरलें. त्या वस्तूंचें काय करावयाचें हें मुलांना ठाऊक नव्हतें.

विद्यार्थिमित्रहो, १८४२ सालीं जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानें लोहाच्या दोन क्षारांचें द्रावण कागदाला लावून त्यावर सूर्यप्रकाशानें निळें चित्र उमटविण्याची रीत शोधून काढली. पुढच्याच वर्षीं ॲना ॲटकिन्स या बाईंनीं समुद्रांतील शेवाळांचे नमुने त्या कागदावर ठेवून त्यांचे छाप घेण्यास आरंभ केला व त्यांचें पुस्तक सिद्ध केलें. छायाचित्रांनीं सजविलेलें जगांतील पहिलें पुस्तक म्हणून तें ओळखलें जातें. शास्त्राचा ग्रंथ आणि कलेची वस्तु, अशीं दोन्ही नांवें त्याला शोभतात. तीच रीत आम्ही प्रयोगशाळेंत केली. फेरिक अमोनियम सायट्रेट व पोटॅशियम फेरिसायनाइड यांचें द्रावण अंधाऱ्या खोलींत कागदांना लावलें. कागद वाळल्यावर त्यांवर मुलांनीं आणलेल्या वस्तु मांडल्या आणि ते उन्हांत ठेवले. जेथें ऊन लागलें तेथें निळा रंग धरला. जेथें वस्तूची सावली पडली तेथें कागद पाण्यांत धुतांच पांढरा निघाला. चाळीस कागद होते. धुण्यास किती पाणी घ्यावयाचें यावरहि वाद झाला, आणि दोन बादल्यांवर एक थेंबहि घ्यावयाचा नाहीं असें वर्गानेंच ठरविलें व पाळलें.

छाप भिंतीवर टांगले तेव्हां ते फार सुंदर दिसले, आणि तेंच आम्हांला बोंचलें. निळ्या पाण्यांत पांढऱ्या पिशव्या तरंगत होत्या. कोणती पिशवी व कोणतें पान हें दुरून ओळखूं येईना. एक मुलगा म्हणाला, "सर, ही पिशवी माशासारखी दिसते." त्याला काय सांगावें? समुद्रांतील कासवालाहि ती तशीच दिसते, व जेलीफिश समजून तें ती गिळतें. प्लॅस्टिक कुजत नाहीं. उन्हानें व लाटांनीं त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात, पण प्लॅस्टिक तें राहतेंच. सुमारें अकरा हजार मीटर खोल असलेल्या मरियाना गर्तेच्या तळाशींहि प्लॅस्टिकची पिशवी आढळली आहे. सीनेच्या पात्रांत टाकलेली पुडी तेथें जाते असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु नदीला पूर आला म्हणजे ती कोणत्या दिशेला निघते हें नकाशा सांगतो.

एवढ्या खोल समुद्राचा तळ कोणीं पाहिला, असा प्रश्न लागलीच आला. एका पत्र्याच्या पेटींत मातीचे डोंगर व दऱ्या करून वर जाड कागद लावला, कागदाला ओळीनें भोकें पाडलीं, आणि गांठी मारलेल्या दोरीला खडा बांधून मुलांनीं प्रत्येक भोकांतून खोली मोजली. आंकडे आलेखाच्या कागदावर मांडून रेघ ओढली तों न पाहिलेला डोंगर कागदावर उभा राहिला. अमेरिकेंतील मेरी थार्प या विदुषीनें हेंच मोठ्या प्रमाणावर केलें. संशोधनाच्या जहाजांवर स्त्रियांना त्या काळीं घेत नसत. म्हणून तिनें जमिनीवर बसून जहाजांनीं आणलेले खोलीचे आंकडे कागदावर उतरविले, आणि अटलांटिक महासागराच्या मधल्या पर्वतराजींत एक लांबच लांब दरी आहे असें १९५२ च्या सुमारास दाखवून दिलें. तिच्या सहकाऱ्यालाच तें प्रथम पटलें नाहीं. पुढें १९७७ सालीं त्या दोघांच्या मापांवरून हाइनरिख बेरान या चित्रकारानें जगांतील सर्व महासागरांच्या तळाचा नकाशा रंगविला. ज्यांना वाटतें कीं चित्रकला हा रिकामपणाचा विषय आहे, त्यांनीं तो नकाशा एकदां अवश्य पाहावा.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळेच्या कुंपणाच्या आंतल्या भिंतीवर मुलांनीं एका थेंबाचा प्रवास काढावयास घेतला. रंग साधेच होते: गेरू, चुना, काजळी व कपड्यांना घालावयाची नीळ. थेंब आमच्या छपरावरून सीनेंत, सीनेंतून भीमेंत, भीमेंतून कृष्णेंत, आणि शेवटीं बंगालच्या उपसागरांत जावयाचा. कृष्णा महाबळेश्वराला, अरबी समुद्रापासून अवघ्या पासष्ट किलोमीटरांच्या आंत उगम पावते, आणि त्याला पाठ फिरवून चौदाशें किलोमीटर दूरच्या समुद्राला जाऊन मिळते, याची मुलांना मोठी मौज वाटली. भिंतीवर श्रीशैलमचें धरण आलें, नागार्जुनसागर आलें, विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा आला. तेथें तपकिरी नदीचें चित्र काढणाऱ्या त्या मुलीचा कुंचला थांबला. तिनें विचारलें, "सर, एवढीं धरणें ओलांडून आपला थेंब पोहोंचतो का? आणि नाहीं पोहोंचला तर बिघडलें काय? समुद्राला गेलेलें पाणी वायाच जातें ना?"

हें वाक्य आमच्या जिल्ह्यांत सर्वांच्या तोंडीं आहे. आम्हीहि तें लहानपणापासून ऐकत आलों. म्हणून तोच विषय वादसभेला ठेवला. एका पक्षानें आमच्याच जिल्ह्यांतील हिवरे बाजारचें उदाहरण दिलें. त्या गांवानें १९९० च्या सुमारापासून श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखालीं डोंगरउतारावर चर खणले, झाडें लावलीं, ऊस-केळीसारखीं फार पाणी पिणारीं पिकें वर्ज्य केलीं, आणि पाऊस मोजून गांवच्या पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडण्याची चाल पाडली. पाणी अडविल्यानेंच गांव तरलें, असें त्या पक्षाचें म्हणणें. तें खरेंच आहे. दुसऱ्या पक्षानें सांगितलें कीं, नदी समुद्राला नुसतें पाणी देत नाहीं, गाळ देते. त्या गाळानेंच कृष्णा-गोदावरीचे सुपीक त्रिभुज प्रदेश घडले आहेत. गाळ धरणांत अडकला म्हणजे समुद्र किनाऱ्याची जमीन खाऊं लागतो. नदीच्या मुखाशीं गोडें व खारें पाणी मिसळतें तेथें मासळीचीं पिलें वाढतात, खारफुटीचीं झाडें तग धरतात. नदीचें पाणी आटलें म्हणजे खारें पाणी आंत शिरतें व विहिरी बिघडतात. हेंहि खरेंच आहे.

वाद मिटेना. त्या सभेला १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगण्यासाठीं त्या मुलीचे आजोबा आले होते. दुष्काळी कामावर खडी फोडून, सुखडी व लाल मिलो खाऊन दिवस काढलेला हा माणूस. आम्हीं त्यांना दोन शब्द बोलण्याची विनंति केली. ते म्हणाले, "मास्तर, मला समुद्राचं काही कळत नाही. पण आमच्या ओढ्यावर माझं शेत मधी आहे. वरच्यानं सगळं अडवलं तर मी मरतो. मी सगळं अडवलं तर खालचा मरतो. पाणी अडवावं, पण ओढा मारू नये." इतकें बोलून ते खालीं बसले. वादसभेचा निकाल लावण्याचें कारणच उरलें नाहीं. ओढ्याच्या शेवटच्या शेजाऱ्याचें नांव समुद्र आहे, एवढेंच आम्हांला त्यांच्या बोलण्यांत जोडावयाचें होतें. तें त्यांच्या नातीनें भिंतीवर जोडलें. थेंबाच्या वाटेवर, प्रत्येक धरणाखालीं, तिनें निळीची एक बारीक रेघ पुढें चालू ठेवली.

वर्षअखेर मुलांनीं आणखी दोन कामें केलीं. शाळेंतील एक नळ ठिबकत होता. त्याखालीं मोजपात्र ठेवलें. वीस मिनिटांत १०० मिलिलिटर भरले. म्हणजे दिवसाला सात लिटरांहून अधिक व वर्षाला अडीच हजार लिटरांहून अधिक. वायसर दुसऱ्याच दिवशीं बसला. निजामशाहीच्या काळीं खापरी नळांनीं दुरून पाणी आणून ज्या शहरानें बागा फुलविल्या, त्या शहरांत एका वायसरपायीं इतकें पाणी जावें, हें मुलांना मानवलें नाहीं. दुसरें काम विहिरीचें. जुन्या इमारतीच्या छपराचें पाणी पन्हळींतून, वाळू-खडीच्या गाळणींतून, आवारांतील जुन्या विहिरींत सोडण्याची सोय झाली, आणि समुद्राचा तळ मोजणारी तीच गांठींची दोरी दर सोमवारीं विहिरींत सोडून पाण्याची खोली लिहिण्याचा क्रम सुरू झाला. तो आजहि चालू आहे. एका वर्षाच्या आंकड्यांवरून निष्कर्ष काढूं नये, असें आम्ही मुलांना बजावलें आहे. नऊ-दहा पावसाळे मोजावे लागतील. हीं मुलें तोंपर्यंत शाळा सोडून गेलेलीं असतील. दोरी मात्र पुढच्या वर्गाच्या हातीं असेल.

पालकहो, समुद्र शिकवून उपयोग काय, या आपल्या प्रश्नाचें उत्तर आमच्यापेक्षां आपल्या मुलांपाशीं अधिक आहे, त्यांना विचारावें. आणि विद्यार्थिमित्रहो, यंदाच्या सुटींत आपापल्या घराचें छप्पर मोजा. एक सरळ बाजूंचा डबा उघड्या अंगणांत ठेवा, प्रत्येक सरीनंतर त्यांतील पाण्याची उंची पट्टीनें पाहून मिलिमीटरांत लिहा, आणि त्याखालीं त्या दिवशींच्या आभाळाचें लहानसें चित्र काढा. जें दिसेल तेंच काढा; निळें नसेल तर निळें करूं नका. वही घेऊन या. आम्ही वाट पाहतों.